सावनेरात सहा वाव पाणी

सावनेरच्या माणसानं बोटींवर लिहायचं म्हणजे जरा आगाऊपणाच. आमच्याकडून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. पाणी म्हणाल तर कोलार नदी, आणि बोट म्हणाल तर रामटेकजवळच्या खिंडसी तलावातली, भाड्यानं मिळणारी. तरीही यंदाच्या पावसाळ्यातले चार-पाच वीकेंड मी एका मासेमारी बोटीच्या उपकरणांपायी घालवले. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती आज लिहून टाकतो. कोडचे तुकडे टाकणार नाहीये, तेव्हा घाबरू नका :-)

तर झालं असं, पुण्यात माझा जो रूमपार्टनर होता तो हर्णैचा. हर्णै म्हणजे दापोली तालुक्यातलं बंदर, समोर सुवर्णदुर्ग. त्याच्या काकांची बोट आहे आणि काका स्वतःच तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. बोटीवर एक जुनं जपानी इको साउंडर आहे, नव्वदच्या दशकातलं, टीव्हीसारखी जाडजूड काचेची नळी असलेलं. बोटीच्या तळाला बसवलेल्या ट्रान्सड्यूसरमधून ते आवाजाचा ठोका खाली सोडतं, तळावरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, आणि त्यावरून पाण्याची खोली सांगतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे ११ मीटर खोल पाणी असेल तर ठोका जाऊन परत यायला सुमारे १५ मिलिसेकंद. बस, एवढंच शास्त्र.

यंदा काकांनी एक नवीन चार्टप्लॉटर घेतला. जीपीएस, नकाशा, रंगीत टचस्क्रीन, सगळं एकात. तो बसवला सुकाणूसमोर, आणि जुनं साउंडर केबिनच्या कोपऱ्यात आहे तिथंच राहिलं. आता काकांना हवं होतं एवढंच, की कोपऱ्यातल्या मशीनचा खोलीचा आकडा समोरच्या स्क्रीनवर दिसावा. दुकानदार म्हणाला, जुनं काढून टाका, नवीन ट्रान्सड्यूसर घ्या. काका म्हणाले, जुनं काढणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, हा म्हाताऱ्या माणसाचा हट्ट झाला. मलाही पहिल्यांदा फोनवर ऐकताना तसंच वाटलं होतं. पण काकांचं कारण ऐकण्यासारखं आहे. त्या जुन्या काचेवर नुसता आकडा येत नाही, रंगाचे पट्टे येतात. पट्टा जाड आणि गडद असेल तर खाली खडक, बारीक आणि फिका असेल तर चिखल. कुठला ठिपका माशांचा थवा आणि कुठला नुसता कचरा, हे त्यांना वीस-पंचवीस वर्षांच्या सवयीनं कळतं. नव्या स्क्रीनवर तेच सगळं वेगळ्या रंगात येईल, आणि डोळ्यांची शाळा पुन्हा पहिलीपासून सुरू.

आणि खोलीचा आकडा समोर का हवा? तर आंजर्ल्याच्या खाडीमुळे. वादळाची बातमी आली की हर्णैच्या बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, आणि तो एका जागी राहत नाही. गेल्या वर्षी जिथून बोट गेली तिथून यंदा जाईलच असं नाही. वारा मागून, लाटा मागून, अंधार, आणि खाली एक-दीड वाव पाणी. अशा वेळी मान वळवून कोपऱ्यात बघायला सवड नसते.

काकांनी पुतण्यामार्फत निरोप पाठवला. एकच अट होती. "तुझा डबा बंद पडला तर माझी जुनी मशीन चालू राहिली पाहिजे. बाकी तुला काय करायचं ते कर."

ऑफिसमध्ये चाळीस पानांचे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट वाचलेत मी. इतकं स्वच्छ वाक्य एकातही सापडलं नाही.

आता जुनं मशीन बोलतं कसं ते बघू. त्याच्या पाठीमागे एक गोल कनेक्टर आहे आणि त्यातल्या दोन वायरींवर ते सतत बोलत असतं. कोणी ऐको न ऐको. या बोलीचं नाव एनएमईए ०१८३. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन या संस्थेनं ती १९८३ साली आणली, म्हणजे माझ्या जन्माच्या चौदा वर्षं आधी. वेग ४८०० बॉड, म्हणजे सेकंदाला फार तर ४८० अक्षरं. आजच्या हिशेबात गोगलगायच. पण गंमत अशी की ती साधी वाचता येण्यासारखी अक्षरं असतात. लॅपटॉपला जोडा, टर्मिनल उघडा, आणि डोळ्यांनी वाचा. देवनागरीत लिहायचं तर साधारण असं:

$एसडीडीबीटी,३६.०,एफ,११.०,एम,६.०,एफ*०५

डॉलरच्या चिन्हानं वाक्य सुरू. पहिली दोन अक्षरं कोण बोलतंय त्याची, एसडी म्हणजे साउंडर. पुढची तीन कशाबद्दल बोलतंय त्याची, डीबीटी म्हणजे ट्रान्सड्यूसरच्या खालची खोली. मग तीच खोली तीन मापांत: ३६ फूट, ११ मीटर, ६ फॅदम. (पहिला एफ लहान लिपीतला, तो फुटाचा. शेवटचा मोठ्या लिपीतला, तो फॅदमचा. कोडमध्ये यात गल्लत झाली तर सहापट फरक पडतो!) ताऱ्याच्या चिन्हापुढचा ०५ हा चेकसम. डॉलर आणि तारा यांच्या मधल्या सगळ्या अक्षरांचं एकामागून एक एक्स-ऑर करायचं, उत्तर ०५ आलं तर वाक्य वाटेत बिघडलेलं नाही. कागदावर करून बघितलं, येतं.

फॅदम म्हणजे आपली वाव. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंतचं अंतर. चार हात, सहा फूट. काकांच्या डोक्यात खोली मीटरमध्ये नाही, वावेत आहे. "तिथं चार वाव पाणी" असंच ते बोलतात. म्हणजे दोरी हातानं मोजत खाली सोडणाऱ्या माणसाचं माप, जपानी मशीनच्या पोटातून, अमेरिकन बोलीत, काकांच्या भाषेत बाहेर पडतंय. मला हे फार भारी वाटलं.

नव्या प्लॉटरला मात्र ही बोली कळत नाही. त्याची भाषा एनएमईए २०००. नावाप्रमाणेच ती या शतकाच्या तोंडाशी आली. तिचा पाया कॅन बस, म्हणजे तुमच्या मोटारीत इंजिन, ब्रेक आणि डॅशबोर्ड ज्या तारांवरून बोलतात तोच. वेग सेकंदाला अडीच लाख बिट. जुन्या बोलीत एका तारेवर एकच बोलणारा असतो, बाकीच्यांनी ऐकायचं. नव्या भाषेत सगळे एकाच तारेवर, आणि नवीन येणाऱ्यानं आधी ओळख द्यायची: मी अमुक, मला अमुक नंबर हवा, कोणाची हरकत? वाक्यांऐवजी क्रमांकाचे संदेश. पाण्याच्या खोलीचा क्रमांक १२८२६७. त्यात खोली फक्त मीटरमध्ये, सेंटिमीटरच्या पूर्णांकात. वाव नाही, फूट नाही. ते स्क्रीननं दाखवताना करून घ्यायचं. डोळ्यांनी वाचायची सोय नाही, आणि मानकाची प्रत हवी तर पैसे मोजा. कॅनबोट नावाच्या मुक्त प्रकल्पातल्या लोकांनी या संदेशांचा अर्थ तारेवरचं बोलणं बघून बघून लावला आणि सगळ्यांसाठी मांडून ठेवला, म्हणून माझ्यासारख्याचं फावलं.

दोन्ही भाषांमधला तयार दुभाषी बाजारात मिळतो. दोनशे डॉलरच्या घरात. तो चांगला असतो, घ्यायला काहीच हरकत नाही. पण बंदीचे महिने म्हणजे कमाई शून्य, त्यात आधीच प्लॉटरचा खर्च झालेला. माझ्याकडे ईएसपी३२चा बोर्ड पडून होता, चार-पाचशे रुपयांचा. त्याच्या पोटात कॅनचा कंट्रोलर आधीपासूनच असतो, बाहेरून फक्त एक ट्रान्सीव्हर चिप लावायची. नव्या भाषेचं व्याकरण सांभाळणारी लायब्ररी टिमो लप्पलाइनेन या गृहस्थांनी लिहून मोफत ठेवली आहे. म्हणजे हार्डवेअर बर्डीवर मिळणार, सॉफ्टवेअर नेटवर मिळणार. उरलं काय? वाटलं होतं त्यापेक्षा बरंच.

पहिला प्रश्न तारेचा. काकांच्या अटीचा अर्थ असा की माझ्या सर्किटमध्ये काहीही जळलं तरी जुन्या मशीनला त्याची झळ लागता कामा नये. यासाठी ऑप्टोकपलर. एका छोट्या चिपमध्ये एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा, आणि मध्ये तांब्याची तार नाहीच. जुनं मशीन फक्त दिवा लुकलुकवतं. पलीकडे माझ्या बोर्डानं जीव दिला तरी अलीकडे पत्ता लागत नाही. ०१८३च्या मानकातच ऐकणाऱ्यानं असं वेगळं राहावं असं सांगितलंय. बोटीवर डायनॅमो चालू-बंद होताना विजेचे झटके येतात, तिथं हे चैनीचं काम नाही. आणि जुन्या मशीनकडे जाणारी एकही वायर माझ्या बोर्डातून जात नाही. मी फक्त ऐकतो, बोलत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या सगळ्या लिखाणाचं कारणच तो.

जुन्या मशीनला कधी कधी तळ सापडत नाही. पाणी फार खोल असेल, पंख्यामागचा फेस ट्रान्सड्यूसरखाली आला असेल, बोट लाटेवर आपटली असेल. तेव्हा ते काय बोलतं? असं:

$एसडीडीबीटी,,एफ,,एम,,एफ*२८

स्वल्पविराम आहेत, मध्ये काही नाही. चेकसमही बरोबर आहे. म्हणजे वाक्य शुद्ध आहे, पूर्ण आहे, आणि त्याचा अर्थ आहे "मला माहीत नाही". चाळीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी ही बोली घडवली त्यांनी अज्ञानासाठी एक जागा राखून ठेवली होती. रिकामी जागा.

आता हे वाक्य साध्या कोडला दिलं तर काय होतं? सी भाषेत अक्षरांचा आकडा करणारं ए-टू-एफ नावाचं फंक्शन आहे. त्याला रिकामी अक्षरं दिली की ते निमूटपणे शून्य परत देतं. तक्रार नाही, एरर नाही. "मला माहीत नाही" याचं भाषांतर झालं "पाणी शून्य मीटर". प्लॉटर बोंबलणार, बोट जमिनीला लागली! हे एक वेळ ठीक, खोटी बोंब दोनदा झाली की तांडेल अलार्मच बंद करून टाकेल. दुसरा सोपा उपाय त्याहून वाईट: नवीन आकडा आला नाही तर आधीचा धरून ठेवायचा. स्क्रीन छान शांत दिसते, आकडा उड्या मारत नाही. आणि खाडीच्या तोंडाशी फेसात तळ हरवला तर तिथं दोन मिनिटांपूर्वीची तीन वाव खोली दिमाखात उभी!

हे मी घरी जेवताना बोलत होतो. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते, आता रिटायर आहेत. भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "बंद मीटर परवडते रे, पण खोटं बोलनारं मीटर नाही परवडत." आणि मग चार मिलिअँपिअरची गोष्ट सांगितली. कारखान्यातली जुनी मापनं तारेवरून चार ते वीस मिलिअँपिअर करंटच्या रूपात येतात. टाकी रिकामी असेल तर चार, काठोकाठ भरली तर वीस. मला नेहमी वाटायचं, शून्य ते वीस का नाही, सरळ हिशेब झाला असता. बाबा म्हणाले, "काहून म्हंजे? वायर तुटली तर शून्य येते ना. मग टाकी रिकामी हाय का वायर तुटली, हे कसं समजन?" चार म्हणजे "मोजलं, आणि काही नाही." शून्य म्हणजे "मोजणाराच नाही."

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हे पाठ करून मार्क मिळवले होते. समजलं ते त्या दिवशी, सावनेरात, पिठलं-भाकरीबरोबर.

नव्या भाषेतही ही जागा आहे बरं का. १२८२६७ क्रमांकाच्या संदेशात खोलीला बत्तीस बिट दिलेत. त्या बत्तीसच्या बत्तीस बिटांत एक भरला, की त्याचा अर्थ "माहिती उपलब्ध नाही". मग प्लॉटर आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दाखवतो. म्हणजे दोन्ही भाषांत तो शब्द आहे, फक्त दुभाष्यानं तो गाळता कामा नये. माझ्या कोडमधल्या खोलीच्या हिशेबाला फार तर दहा ओळी लागल्या. "माहीत नाही" नीट पोचवायला साठ. रिकामा रकाना आला तर रेघा. चेकसम चुकला तर ते वाक्य फेकून द्या. तीन सेकंद काहीच आलं नाही तर वायर तुटली असं समजा आणि रेघा. आणि माझा बोर्ड अडकला तर त्यातला वॉचडॉग टायमर त्याला आपोआप पुन्हा सुरू करणार.

तिसरा प्रश्न दोन आकड्यांचा. ट्रान्सड्यूसर बोटीच्या तळाशी असतो, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागापासून बरंच खाली. जुनं मशीन ट्रान्सड्यूसरच्या खालचं पाणी सांगतं. नव्या संदेशात एक ऑफसेट देता येतो. तो दिला तर प्लॉटर पृष्ठभागापासूनची खोली किंवा अगदी तळकण्याखाली उरलेलं पाणी दाखवू शकतो. तांत्रिकदृष्ट्या तेच जास्त उपयोगी. पण मग बोटीवर दोन आकडे होणार, कोपऱ्यात एक आणि समोर दुसरा. दोन्ही बरोबर, आणि म्हणूनच घोटाळा. काकांना विचारलं. ते म्हणाले, "पोरा, माझ्या डोक्यात जुना आकडा बसलाय. तोच दाखव. किती कमी-जास्त करायचं ते मला कळतं." ऑफसेट शून्य ठेवला. इथं मात्र तो खरा शून्य!

बेंचवरची चाचणी दिवाणखान्यात केली. लॅपटॉप जुन्या मशीनचं सोंग घेऊन वाक्यं पाठवतोय, दुभाष्या डबा टेबलावर, दुसरीकडे कॅन वाचणारा आणखी एक बोर्ड. आईनं विचारलं किती पाणी आहे, म्हटलं सहा वाव. ती म्हणाली, आधी मागच्या टाकीत किती आहे ते बघ. असो.

सगळ्यांच्याच नशिबात इतकं बोलकं मशीन नसतं हे मात्र सांगायला हवं. ऐंशीच्या दशकातल्या शिडाच्या बोटींवर सीटॉक नावाची बोली सापडते. एकाच तारेवर बारा व्होल्ट, वेग तोच ४८००, पण आठाऐवजी नऊ बिटांची अक्षरं, नववा बिट "इथून नवीन संदेश सुरू" हे सांगण्यासाठी. कंपनीनं ती उघड केली नव्हती. थॉमस क्नाउफ यांनी ती तारेवरून ऐकून उलगडली आणि सगळी यादी नेटवर ठेवली. त्याच्यामुळे जगभर कित्येक जुने होकायंत्रांचे आणि ऑटोपायलटचे डबे अजून कामाला लागतात. त्याहून जुनी यंत्रं तर बोलतच नाहीत. गोल तबकडी, त्यात फिरणारा दिवा, ठोका सुटला की शून्यावर चमकतो आणि प्रतिध्वनी आला की खोलीच्या आकड्यावर. अशा यंत्रातून दोन चमकांमधला वेळ मायक्रोकंट्रोलरनं मोजायचा. मायक्रोसेकंद मोजणाऱ्या चिपला पंधरा मिलिसेकंद म्हणजे सावकाश आंघोळ करून येण्याइतका वेळ. पण तिथंही तोच प्रश्न: दुसरी चमक आलीच नाही तर?

हर्णैला गेलो बंदी संपता संपता. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी शाकारून ठेवतात आणि डागडुजी उरकतात. जोडायला तासभर लागला. कॅनच्या तारेच्या दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असावे लागतात. वीज बंद ठेवून मल्टिमीटर लावला, दोन्ही मिळून ६० आले, म्हणजे तार ठीक. वीज दिली. जुन्या काचेवर पट्टे आले. चार-पाच सेकंदांनी समोरच्या स्क्रीनवर आकडा आला. स्क्रीनवर माप फॅदम निवडलं, आणि कोपऱ्यात आणि समोर एकच आकडा दिसायला लागला.

काकांनी मान डोलावली, आणि मग हात घालून सरळ माझ्या डब्याची वीज तोडली. समोर रेघा. कोपऱ्यात पट्टे चालूच. मग त्यांनी डबा पुन्हा जोडला आणि जुन्या मशीनची पाठीमागची वायर उपटली. मी मनातल्या मनात मोजलं, एक, दोन, तीन. रेघा. म्हणाले, "रेघा म्हणजे काय?" म्हटलं, "काका, रेघा म्हणजे डबा सांगतोय की त्याला माहीत नाही. तेव्हा तुम्ही कोपऱ्यात बघा, नाहीतर दोरी सोडा." ते म्हणाले, "बरं केलंस. न कळणाऱ्यानं गप्प बसलेलं बरं."

नव्याजुन्याचा वाद मला यात दिसतच नाही. अभिलाष टॉमी २०१८ साली गोल्डन ग्लोब रेसमध्ये उतरले होते. पन्नास वर्षांपूर्वी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या बोटीतून एकटे, न थांबता जगाची फेरी करून आले, ती सुहेली आपल्या मुंबईत बांधलेली. तिच्या आराखड्यावरून गोव्यात टॉमींची थुरिया बांधली गेली. नियम असा की १९६८ साली जी साधनं होती तीच वापरायची: सेक्स्टंट, कागदी नकाशे. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळानं डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर मार बसला. तेव्हा बाहेर बातमी गेली ती मात्र उपग्रहावरून. ते उपकरण वेगळं, स्वतःच्या पायावर उभं होतं, म्हणून सगळं मोडलं तरी ते बोलू शकलं. पुढच्या, २०२२च्या शर्यतीत ते पुन्हा उतरले आणि दुसरे आले, हेही सांगून टाकतो.

तसंच आपल्या मच्छीमारांच्या नव्या ट्रान्सपाँडरचं. इस्रोच्या तंत्रज्ञानावरचे हे डबे तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर बसवायची योजना ३० ऑगस्ट २०२४ला पालघरला सुरू झाली. संकटाचा संदेश जातो, हवामानाचा इशारा येतो, तेही मोबाईलची रेंज नसलेल्या समुद्रात. मित्रानं विचारलं, तुझा डबा त्यालाही जोडायचा का? मी म्हटलं, अजिबात नाही. जी वस्तू सगळं बिघडल्यावर चालायला हवी, तिला बाकीच्यांच्या तारेत गुंतवायचं नसतं.

आता पुढचं काम चालू आहे. डब्यात एक मेमरी कार्ड घातलंय, त्यावर दर सेकंदाला जागा, वेळ आणि खोली उतरते. (तळ हरवला असेल तर रकाना रिकामा, हे आता सांगायला नको.) आंजर्ल्याच्या तोंडातून बोट जितक्या वेळा आत-बाहेर जाईल तितका गाळाचा नकाशा भरत जाईल. पण भरती-ओहोटीचा हिशेब केल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. उधाणाच्या दिवशी आणि भांगाच्या दिवशी तीच जागा वेगळी खोली दाखवणार. मी नेटवर भरतीचे तक्ते शोधत होतो तर काका म्हणाले, तिथीची पाऊणपट कर. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला, चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. तक्त्याशी ताडून बघितलं, कामापुरतं जमतं. पुढच्या शनिवारी हाच हिशेब कोडमध्ये घालायचाय, तक्त्याच्या शेजारी. दोन्हींत किती फरक पडतो ते मोसमभराचे आकडे हाती आले की सांगीन. त्याआधी विचारलंत तर उत्तर एकच: माहीत नाही.